रुमाल कोणी सोडायचा?

मराठी विकिस्रोतावर एखादं जुनं पुस्तक उघडलं, की पडद्यावर एका बाजूला छापील पानाचं चित्र दिसतं आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेला मजकूर. यंत्र बरंचसं बरोबर वाचतं. पण 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत ते घोटाळतं, झिजलेल्या टाइपातली जोडाक्षरं सोडून देतं, रफार भलत्याच अक्षरावर चढवतं. मग कुणीतरी चित्राशी ताडून ओळ न् ओळ दुरुस्त करतं, तेव्हा लाल असलेलं पान पिवळं होतं. त्यानंतर दुसऱ्या कुणीतरी ते पुन्हा ताडायचं, मग ते हिरवं होतं. आपण पिवळं केलेलं पान आपल्यालाच हिरवं करता येत नाही. या कामाला पगार नाही, आणि करणारे बहुतेक एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात.

शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई हे काम नेमाने करतात. त्यांचा भाचा पुण्यात जुन्या कागदांची दुरुस्ती करतो. मावशी या कामाला जितकं मोठं समजतात तितकं ते मोठं आहे, हे त्याला पटत नाही. दोघांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला आहे, म्हणून त्यांचं बोलणं मला मोलाचं वाटलं. ते इथे मांडताना मध्ये बोलण्याची मोकळीक मी घेतली आहे.

भाचा : तू करतेस ते काम चांगलंच आहे, मावशी. पण त्याला वारसा जतन करणं म्हणू नये असं मला वाटतं. जतन कागदाचं करायचं असतं. जुने कागद बांधून ठेवलेल्या रुमालाची गाठ सोडली की आत काय निघतं ते मी रोज बघतो. कसर लागलेली पानं, वाळवीने केलेली चाळण, ओल लागून एकमेकांना चिकटलेले कागद. जुन्नरी किंवा दौलताबादी कागद चिवट असतो, दोन-अडीचशे वर्षं काढतो. पण काजळीच्या शाईला पाणी लागलं की अक्षर पसरतं, आणि मग ते कुणालाच परत आणता येत नाही. एकेक पान सोडवायचं, हलक्या ब्रशने साफ करायचं, फाटलं असेल तिथे खळ लावून पातळ जपानी कागद बसवायचा. कधीकधी एका पानात अख्खी सकाळ जाते. हे पडद्यावर बसून होत नाही.

मावशी : नाही होत, कबूल. पण तू जपलेलं पान पुन्हा रुमालात जातं, रुमाल मांडणीवर जातो आणि खोलीला कुलूप लागतं. पुढे काय? ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' 1882 साली छापलं गेलं. हस्तलिखित नव्हतं ते, छापील पुस्तक होतं. तरी नजरेआड गेलं ते गेलंच. 1975 मध्ये स. गं. माळशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा लोकांपुढे आलं. मधली नव्वदेक वर्षं बघ. त्या काळात मुली शिकल्या, शिक्षिका झाल्या, लिहायला लागल्या. आपल्या आधी एक बाई इतकं रोखठोक लिहून गेली आहे, याचा त्यांतल्या बहुतेकींना पत्ता नव्हता. प्रत कुठेतरी शाबूत होती म्हणूनच माळशांना मिळाली, हे खरं. पण न वाचली गेलेली शाबूत प्रत त्या मुलींच्या काय उपयोगाची?

भाचा : पण ती प्रत लोकांसमोर आणली कुणी? एका अभ्यासकाने. पुस्तक हातात आल्यावर ते काय आहे हे त्यांना कळलं, कारण त्यांचा त्या काळाचा अभ्यास होता. जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव जाऊन एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव, तिचं गाव यांची नोंद ठेवली. बायकांचा विश्वास बसल्याशिवाय ते घडलंच नसतं. हजारो अनोळखी लोकांनी घरबसल्या केलेलं काम नव्हे ते.

मावशी : ओव्या जमवायला पायपीटच लागते, त्याला दुसरा मार्ग नाही. पण जमल्यावर त्या ऐकून उतरवणं, टंकून घेणं, विषयवार लावणं, यालाही माणसं लागलीच ना? 2017 पासून ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या येऊ लागल्या, म्हणून मी त्या घरी बसून ऐकते आणि अमेरिकेतली माझी विद्यार्थिनी तिकडे ऐकते. जमवणारे थोडे असतात. जमवलेलं चालतं ठेवायला पुष्कळ हात लागतात.

ओव्यांच्या बाबतीत मी भाच्याच्या बाजूची आहे. जिने ओवी गायली तिला विचारलं पाहिजे, तिचं नाव लागलं पाहिजे, आणि ती ओवी कुठे पोचली हे तिला कळलं पाहिजे. माणूस हयात असेल तिथे आधी त्याच्या दारात जावं लागतं. दूर बसून केलेलं काम त्याच्यानंतरचं.

भाचा : बरं, तुम्ही पुस्तकं निवडता कशी?

मावशी : पहिली अट कायद्याची. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून 2011 पासून त्यांचं लेखन सगळ्यांचं झालं. त्यानंतर ज्याचं स्कॅन मिळतं ते घेतो.

भाचा : म्हणजे ज्याचं आधीच नाव आहे तेच पुन्हा वर येणार. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये 'दीनबंधु' हे वर्तमानपत्र सुरू केलं. त्याचे जुने अंक किती जणांनी डोळ्यांनी पाहिलेत? ज्यांच्या घरी कपाटं होती त्यांचे कागद राहिले, ज्यांच्या घरी नव्हती त्यांचे गेले. आता स्वयंसेवकही कपाटवाल्यांचंच लेखन टंकत बसले तर तो अन्याय दुप्पट होईल.

मावशी : यावर माझ्याकडे उत्तर नाही. तू म्हणतोस ते बरोबर आहे. आम्ही ठरवून शोध घ्यायला हवा, आणि तसा तो घेतला जात नाही.

भाचा : आणि छापील पुस्तकाचं एक वेळ ठीक, मोडी लिपीत हाताने लिहिलेल्या कागदांचं काय? मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली लिहीत जातात. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. तारखेचं तर विचारूच नकोस. सुहूर सन अरबी संख्यावाचकांत लिहिलेला असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे 1161. इसवी सनात 1760-61, पानिपतचं वर्ष. त्यातल्या 'सितैन'चं कुणी 'सबैन' वाचलं की साल होतं 1171. पत्र दहा वर्षं पुढे सरकतं. भाऊसाहेबांच्या मोहिमेतला कागद थोरल्या माधवरावांच्या काळात जाऊन बसतो. अशी चूक एकदा इंटरनेटवर गेली की जागोजाग उतरवली जाते, आणि मूळ कागद पाहायला कुणी येत नाही.

मावशी : म्हणूनच दोघांनी तपासायचा नियम आहे.

भाचा : दोघांनाही 'सितैन' आणि 'सबैन' यांतला फरक माहीत नसेल तर? 2023 च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. कुणबी नोंदी शोधायला जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी दप्तरं उघडली, तेव्हा मोडी वाचणारे मिळवायला धावाधाव झाली. एकेका नोंदीवर एकेका घराचा जातीचा दाखला अवलंबून होता. अशा ठिकाणी दोन अनोळखी माणसांनी हिरवं केलेलं पान चालेल?

मावशी : अजिबात चालणार नाही. दाखला देणाऱ्याने मूळ कागद तज्ज्ञाकडूनच वाचून घ्यावा. पण धावाधाव का झाली, ते तू सांगितलं नाहीस. वाचणारे उरले नव्हते म्हणून झाली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत शिकवत होते. पुढे ती शाळेतून गेली आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर संपत आली. पुण्यात पेशवे दप्तरातच कोट्यवधी कागद आहेत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आहेत. हे सगळं वाचणार कोण? मोडीचे वर्ग आता निघतात, माणसं उत्साहाने जातात, मुळाक्षरं येतात, प्रमाणपत्र मिळतं. मग वाचायला कागदच नसतो! हात बसतो तो सरावाने, आणि सराव करायला शेकडो पानं समोर यावी लागतात. ती कुलपात आहेत.

मला या सगळ्या वादाचं मर्म इथे दिसतं. आपण कागद नष्ट होण्याची भीती बाळगतो आणि ती रास्तच आहे. पण तो कागद वाचण्याची विद्या त्याच्याआधी नष्ट होऊ शकते, आणि मोडीच्या बाबतीत ते आपल्या डोळ्यांदेखत घडत आलं आहे. वाचता न येणारा कागद उत्तम अवस्थेत जपला, तरी त्याचा अर्थ आपल्या हातून गेलेलाच असतो. स्वयंसेवकांचं काम मला मोठं वाटतं ते टंकलेल्या पानांमुळे नव्हे, तर ती पानं टंकताना तयार होणाऱ्या वाचकांमुळे.

मावशी : लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने काय केलं बघ. जेरेमी बेंथम या तत्त्वज्ञाच्या हस्तलिखितांचे गठ्ठेच्या गठ्ठे त्यांच्याकडे होते आणि अक्षर अतिशय वाईट. 2010 मध्ये त्यांनी पानांची चित्रं सगळ्यांसाठी खुली केली आणि सांगितलं, वाचा आणि उतरवा. नाव नोंदवणारे पुष्कळ होते, पण नेटाने टिकले ते थोडेच, आणि बहुतेक काम त्या थोड्यांनी केलं. सराव होत गेला तसा त्या थोड्यांचा हात त्या अक्षरावर बसला. उतरवलेलं प्रत्येक पान विद्यापीठातले लोक तपासायचे. पुढे हस्ताक्षर वाचणारं 'ट्रान्सक्रिबस' हे सॉफ्टवेअर तयार झालं, त्याला शिकवायला हीच उतरवलेली पानं कामी आली. उद्या यंत्र मोडी वाचेल म्हणतात. ते शिकणार कशावरून? माणसांनी बिनचूक वाचलेल्या पानांवरूनच.

भाचा : तूच म्हणालीस, विद्यापीठातले लोक तपासायचे. पगारी लोक, मावशी. माझं दुखणं तेच आहे. स्वयंसेवक मिळतात असं दिसलं की वरचे लोक म्हणतात, मग मोडी वाचकाची जागा भरायची कशाला? कागद दुरुस्त करणारा कशाला हवा? ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2008 मध्ये जुन्या वर्तमानपत्रांचा मजकूर लोकांना दुरुस्त करायला दिला. पुढे त्याचंच 'ट्रोव्ह' हे संकेतस्थळ झालं. लोकांनी कोट्यवधी ओळी सुधारल्या. आणि 2023 उजाडलं तेव्हा ट्रोव्ह चालवायचे पैसे त्याच वर्षीच्या जूनअखेर संपणार अशी वेळ आली. लोकांनी पंधरा वर्षं फुकट केलेलं काम एका अंदाजपत्रकावर टांगलेलं होतं.

मावशी : आणि ट्रोव्ह वाचलं कसं? ते वापरणारे, त्यात स्वतःचे तास घातलेले लोक बोलायला लागले. एप्रिलमध्ये सरकारने चार वर्षांसाठी तीन कोटी तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले. ज्या दप्तराला वाचकच नाहीत त्याचं अनुदान बंद झालं तर ओरडणार कोण? तुझी जागा भरावी म्हणून अर्ज करणाऱ्यांत मी पहिली असेन, कारण त्या कागदांत काय आहे हे मला माहीत आहे.

भाचा यावर लगेच काही बोलला नाही. त्याची भीती मात्र खरी आहे, आणि मावशींच्या उत्तराने ती संपत नाही. स्वयंसेवकाच्या श्रमाकडे बचत म्हणून पाहणारी संस्था दोघांचंही नुकसान करते. लोकांना कामाला बोलवायचं असेल तर त्यांचं काम तपासणारा, शंका सोडवणारा, 'सितैन' कसा ओळखायचा हे दाखवणारा माणूस आधी नेमला पाहिजे. स्वयंसेवक वाढले की पगारी माणसं वाढावी लागतात.

भाचा : आणि लोकांची मदत कुठवर पुरते तेही बघ. ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय 2 सप्टेंबर 2018 ला जळालं. रिओत संग्रहालयशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी लोकांना हाक दिली, तुमच्याकडे आतल्या वस्तूंचे फोटो असतील ते पाठवा. लोकांनी हजारोंनी पाठवले. पण आदिवासी भाषांची ध्वनिमुद्रणं जळून गेली, आणि त्यांतल्या काही भाषा बोलणारं कुणी आता हयात नाही. भेट द्यायला आलेल्या माणसाच्या मोबाइलमधल्या फोटोतून ती भाषा कशी परत येणार? आग लागल्यावर जमलेली गर्दी दुःख करू शकते, त्यापलीकडे फार काही करू शकत नाही.

मावशी : म्हणून तर आगीच्या आधी करायचं. युक्रेनवर हल्ला झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, 1 मार्च 2022 ला, काही ग्रंथपाल आणि संशोधक एकत्र आले. तिथल्या संग्रहालयांची, ग्रंथालयांची, दप्तरखान्यांची संकेतस्थळं उतरवून दुसऱ्या देशांतल्या सर्व्हरवर ठेवायचं काम त्यांनी सुरू केलं. जगभरातून हजाराहून जास्त लोक त्यात आले. खार्किव्हच्या सरकारी दप्तरखान्याचं संकेतस्थळ त्यांनी उतरवून घेतलं आणि काही तासांतच ते बंद पडलं. त्या माणसांपैकी कितीतरी जणांना युक्रेनियन वाचताही येत नसेल. पण कुठल्या संकेतस्थळाला आधी हात घालायचा, कुठल्या शहरावर बॉम्ब पडतायत, हे बघून ते काम करत होते. आपल्याकडे 1961 मध्ये पानशेत धरण फुटलं तेव्हा पुण्यातले नदीकाठचे वाडे गेले, त्यांच्याबरोबर किती घरांची दप्तरं गेली असतील, याची यादीसुद्धा नाही. यादी असती तरी काही हाती राहिलं असतं.

भाचा : यादीचं तू बोललीस ते मला पटतं. चित्र नसलं तरी चालेल, पण कुठे काय आहे हे लिहिलेलं हवं.

मावशी : आणि स्वयंसेवक म्हणजे हौशी, कच्चा, असं तुझ्या बोलण्यात सारखं येतं. इतिहाससंशोधक राजवाडे कोण होते? कुठल्या दप्तरखान्याचे नोकर नव्हते. गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं मागून घेतली, 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. बावीस खंड झाले. पेशवे दप्तर तेव्हा इंग्रज सरकारच्या ताब्यात होतं आणि आपल्या अभ्यासकांना तिथे मोकळेपणी जाता येत नव्हतं. इतिहासकार सरदेसायांनी त्यातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले ते 1930 पासून पुढे. म्हणजे सरकारी कुलूप उघडेपर्यंत मराठ्यांचा इतिहास राजवाड्यांसारख्या बिनपगारी माणसांनीच उभा केला होता.

भाचा : राजवाड्यांनी त्यात आयुष्य घातलं, मावशी. फावल्या वेळातलं काम नव्हतं ते. पण तू त्यांचं नाव काढलंस म्हणून एक सांगतो. त्यांच्या खंडात मला एखादं वाचन संशयास्पद वाटलं, तर मूळ पत्र कुठे आहे हे शोधत फिरावं लागतं, आणि सापडेलच असं नाही. खंडात मजकूर आहे, पत्राचं चित्र नाही. तुमच्या त्या पडद्यावर चित्र आणि वाचन शेजारी शेजारी असतं, कुणी कधी काय बदललं तेही राहतं. मोडीसाठी तसं झालं तर माझ्यासारख्याला चूक काढता येईल. एवढं मी मानतो.

मावशी : मग चित्रं काढू दे की!

भाचा : काढू दे, पण माझ्या अटीवर. पान सपाट बसावं म्हणून लोक बांधणीचा कणा मोडतात, घडी पडलेला कागद ताणतात. आधी दुरुस्ती, मग चित्र. आणि चित्र निघालं म्हणून मूळ कागद कोपऱ्यात टाकायचा नाही. 'स्कॅन झालंय, आता याचं काय करायचं?' हा प्रश्न मी स्वतः ऐकलेला आहे.

मावशींनी ही अट तिथल्या तिथे मान्य केली. ती मान्य न करता या कामात पडणाऱ्याने त्यात पडू नये, असं मलाही वाटतं.

ज्यांच्या ताब्यात दप्तरं आहेत, त्या संस्थांकडे माझी मागणी साधी आहे. दुरुस्त झालेल्या रुमालांची चित्रं खुली करा. सगळी एकदम नकोत, एका रुमालापासून सुरुवात करा. त्याबरोबर एक जाणता मोडी वाचक पगार देऊन बसवा, आणि शिकून आलेल्या माणसांना त्याच्या देखरेखीखाली वाचू द्या. वाचणाऱ्याचं नाव त्या पानाशी कायम राहू द्या. ज्या समाजांचे कागद कुठल्याच कपाटात पोचले नाहीत, त्यांच्या घरी आधी जा.

आणि वाचकहो, तुमच्या माळ्यावर जुनं दप्तर असेल तर ते लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, उन्हात पसरू नका. स्वच्छ सुती कापडात बांधा. कागद सहज उघडत असतील तरच दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, जबरदस्तीने एकही घडी सोडवू नका. हे कागद कुणाचे, कुठल्या गावचे, घरात कसे आले, हे वडीलधाऱ्यांना विचारून एका वेगळ्या कागदावर लिहून त्याच गाठोड्यात ठेवा. हे विचारायला उशीर करू नका.